नोकरी गेल्यावर अमेरिकेत पैसे कोण देतं, किती देतं आणि का अडवतं?

दर गुरुवारी भारतात संध्याकाळचे सहा वाजले की (अमेरिकेत हिवाळी घड्याळ चालू असेल तर सात) तिथल्या श्रम खात्याचा एक आकडा येतो. गेल्या आठवड्यात नोकरी गेली म्हणून किती जणांनी नव्याने अर्ज केला, याचा. दुसऱ्या दिवशी आपल्या वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानावर, बाजार का चढला किंवा का पडला याच्या कारणांत तो एका ओळीत उरकलेला असतो. पण त्या आकड्यात आता आपल्या ओळखीची माणसं असतात. २०२२ च्या अखेरीपासून मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांनी माणसं कमी करायला घेतली आणि ज्यांनी 'अनएम्प्लॉयमेंट'बद्दल फक्त बातम्यांत ऐकलं होतं, त्यांच्यावर तो फॉर्म भरायची वेळ आली. इकडे पुण्या-नाशकात आई-वडील फोनवर विचारतात, "तिकडे सरकार देतं ना रे काहीतरी?"

देतं. पण 'सरकार' म्हणजे दिल्लीसारखं एकच वॉशिंग्टन नाही, 'देतं' म्हणजे खैरात नाही, आणि 'काहीतरी' किती हे तुम्ही कुठल्या राज्यात काम करत होता त्यावर ठरतं. हे पैसे मुळात कोणाचे, एवढं एकदा कळलं की बाकीच्या बहुतेक विचित्र गोष्टींचा उलगडा होतो. म्हणून सुरुवात तिथूनच.

हप्ता कोण भरतो?

हा विमा आहे आणि त्याचा हप्ता कंपनी भरते. पगाराच्या चिठ्ठीवर त्याचं नाव सहसा दिसत नाही, म्हणून तो भरला जातो हेच अनेकांना माहीत नसतं. अलास्का, न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया या तीनच राज्यांत कर्मचाऱ्याच्या पगारातूनही थोडी रक्कम कापली जाते. न्यू जर्सीत राबणाऱ्यांनी आपली पे-स्लिप काढून बघावी. 'यूआय' अशा अक्षरांची एक बारीक वजावट असते, वर्षाला दोनशे डॉलरच्या आतली. ती याचीच.

महामंदीच्या काळात, १९३२ साली, विस्कॉन्सिन राज्याने असा पहिला कायदा केला. इतर राज्यं कचरत होती, कारण आपण मालकांवर कर लावला तर कारखाने शेजारच्या राज्यात जातील ही भीती. १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यात रूझवेल्ट सरकारने यावर एक चलाख तोडगा काढला. देशभरातल्या मालकांवर केंद्राने कर लावला आणि सांगितलं, ज्या राज्याचा स्वतःचा बेरोजगारी विमा असेल तिथल्या मालकांना या करात जवळजवळ सगळी सूट. कर जाणारच असेल तर तो आपल्याच राज्यात का नको, असा सरळ हिशेब करून १९३७ पर्यंत सगळ्या राज्यांनी कायदे केले. विस्कॉन्सिनने देशातला पहिला चेक ऑगस्ट १९३६ मध्ये दिला. पंधरा डॉलरचा.

तीच रचना आजही आहे. केंद्राचा कर प्रत्येक कर्मचाऱ्याच्या वर्षाच्या पहिल्या ७,००० डॉलर पगारावर ६ टक्के. राज्याची योजना नीट चालू असेल तर त्यातले ५.४ टक्के माफ. उरले ०.६ टक्के, म्हणजे माणशी वर्षाला ४२ डॉलर. यातून कार्यालयं, संगणक, कर्मचारी असा कारभाराचा खर्च निघतो. नोकरी गेलेल्याला मिळणारा पैसा मात्र राज्याच्या वेगळ्या करातून येतो आणि तो राज्याच्या नावाने असलेल्या निधीत साठतो.

या राज्य कराचा दर सगळ्या कंपन्यांना सारखा नसतो. गाडीच्या विम्यात क्लेम केला नाही तर नो क्लेम बोनस मिळतो आणि क्लेम केला की पुढच्या वर्षी हप्ता वाढतो, तसंच इथे. ज्या कंपनीने काढलेल्या माणसांनी जास्त क्लेम केले, तिचा दर पुढच्या वर्षांत चढतो. याला 'एक्सपिरियन्स रेटिंग' म्हणतात. हा शब्द पुन्हा लागणार नाही, पण ही गोष्ट लक्षात असू द्या. तुमच्या क्लेमला जुनी कंपनी कधीकधी विरोध का करते, याचं उत्तर इथे आहे.

एकच माणूस, चार राज्यं

समजा, एका बाईंना आठवड्याला १,२०० डॉलर पगार होता. वर्षाचे सुमारे ६२,००० डॉलर. नोकरी गेली.

न्यू जर्सीत त्यांना सरासरी पगाराच्या ६० टक्के, म्हणजे आठवड्याला ७२० डॉलर मिळतील, जास्तीत जास्त २६ आठवडे. त्याच बाई कॅलिफोर्नियात असत्या तर ४५० डॉलर. फ्लोरिडात २७५, आणि तेही राज्यात बेकारी कमी असेल तेव्हा फक्त १२ आठवडे. मिसिसिपीत २३५. पूर्ण मुदत बेकार राहिल्या असं धरलं तर न्यू जर्सीत १८,७२० डॉलर आणि फ्लोरिडात ३,३००. काम तेच, पगार तोच, देशही तोच.

पगाराचा साधारण निम्मा भाग द्यायचा, अशी मूळ कल्पना. पण प्रत्येक राज्याने वर एक कमाल मर्यादा ठेवली आहे आणि खरी गोम त्या मर्यादेत आहे. सिॲटल ज्या राज्यात आहे त्या वॉशिंग्टनमध्ये ही मर्यादा आठवड्याला हजार डॉलरच्या वर आहे, आणि ती दरवर्षी पगारांबरोबर सरकते. न्यू जर्सीत २०२५ मध्ये ८७५ होती. कॅलिफोर्निया, जिथे सिलिकॉन व्हॅली आहे आणि एका खोलीचं भाडं ऐकून सोलापूरचा माणूस खुर्चीत बसेल, तिथे ४५० डॉलर. २००५ पासून तेवढेच.

एवढं श्रीमंत राज्य असं का वागतं? पुन्हा हप्त्याकडे या. कॅलिफोर्नियात मालकाकडून कर घेतला जातो तो फक्त पहिल्या ७,००० डॉलर पगारावर, म्हणजे केंद्राने ठेवलेल्या किमान मर्यादेवर. ही मर्यादा १९८३ पासून हललेली नाही. सर्वांत चढा दर ६.२ टक्के धरला तरी कंपनी माणशी वर्षाला ४३४ डॉलर भरते. पगार साठ हजार असो की सहा लाख. आणि एकाच माणसाने पूर्ण क्लेम घेतला तर निधीतून ११,७०० डॉलर जातात. याउलट वॉशिंग्टनने २०२५ मध्ये ७२,८०० डॉलरपर्यंतच्या पगारावर कर घेतला. त्यामुळे २०२० चा तडाखा बसला तेव्हा कॅलिफोर्नियाचा निधी आटला, राज्याने केंद्राकडून कर्ज काढलं आणि ते सुमारे २० अब्ज डॉलरवर जाऊन बसलं. कर्ज फिटलं नाही तर त्या राज्यातल्या मालकांची केंद्रीय करातली सूट दरवर्षी ०.३ टक्क्याने कमी होते. म्हणजे दंड शेवटी मालकांकडूनच वसूल होतो. असा निधी असलेलं राज्य ४५० चे ६०० कसे करणार?

न्यूयॉर्कचीही तीच कथा होती. तिथे कर्जामुळे कमाल रक्कम ५०४ डॉलरवर अडकली होती. २०२५ मध्ये राज्याने सुमारे ७ अब्ज डॉलरचं उरलेलं देणं एकदम फेडलं आणि त्या ऑक्टोबरपासून मर्यादा ८६९ झाली.

अर्ज कुठल्या राज्यात?

जिथे राहता तिथे करायचा नाही, जिथे काम केलं तिथे करायचा. न्यू जर्सीतल्या एडिसन किंवा जर्सी सिटीत राहून रोज ट्रेनने न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनला जाणारे न्यूयॉर्ककडे अर्ज करतात. पण कंपनी न्यूयॉर्कची आणि तुम्ही घरच्या टेबलावरून एडिसनमध्येच काम करत होता, तर तुमचं राज्य सहसा न्यू जर्सी. शरीर कुठे बसून काम करत होतं, ते बघतात. करोनानंतर घरून काम करणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो, कारण इन्कम टॅक्सला न्यूयॉर्क वेगळा नियम लावतं.

दोन राज्यांत काम केलं असेल तर दोन्हीकडचा पगार एकत्र करूनही क्लेम करता येतो. फक्त कुठून करायचा हे आधी विचारा.

पात्रतेचे तीन प्रश्न

पहिला, पुरेशी कमाई होती का? यासाठी 'बेस पिरिअड' बघतात, आणि तो शेवटचं वर्ष नसतो. तिमाह्या मोजायच्या. शेवटच्या पाच पूर्ण झालेल्या तिमाह्यांपैकी पहिल्या चार. मे महिन्यात अर्ज केला तर जानेवारी ते मार्च ही शेवटची पूर्ण तिमाही, ती सोडायची आणि मागचं पूर्ण कॅलेंडर वर्ष घ्यायचं. ज्याने याच जानेवारीत आयुष्यातली पहिली नोकरी धरली आणि मे महिन्यात गमावली, त्याची कमाई या चौकटीत शून्य दिसते. बऱ्याच राज्यांत अशांसाठी पर्यायी चौकट आहे, त्यात ती सोडलेली तिमाही धरतात. रक्कम किती कमावलेली हवी, हा अडथळा फार उंच नसतो. कॅलिफोर्नियात एका तिमाहीत १,३०० डॉलर मिळाले असले तरी पुरतं.

दुसरा, नोकरी कशी गेली? यावर बहुतेक भांडणं होतात. कंपनीने माणसं कमी केली, प्रकल्प बंद झाला, तर प्रश्नच नाही. स्वतःहून सोडली तर तसंच सबळ कारण दाखवावं लागतं. गैरवर्तनासाठी काढलं तर नाही मिळत. पण 'गैरवर्तन' म्हणजे काय? चोरी, खोट्या नोंदी, वारंवार न सांगता दांड्या, सूचना देऊनही जाणूनबुजून नियम मोडणं. काम जमलं नाही, वेग कमी पडला, मॅनेजरच्या अपेक्षा पूर्ण झाल्या नाहीत, याला बहुतेक राज्यांत गैरवर्तन म्हणत नाहीत. आपल्या लोकांचं इथे फार नुकसान होतं. 'परफॉर्मन्स'चं कारण देऊन काढलं की माणूस शरमेने अर्जच करत नाही. अहो, अर्ज करा. नाही म्हणायचं काम त्यांचं आहे, तुम्ही कशाला आधीच म्हणता?

याच ठिकाणी आणखी एक खड्डा आहे. एचआरची गोड आवाजाची बाई किंवा बुवा सांगतात, "तुम्हीच राजीनामा द्या, रेकॉर्ड चांगलं राहील." राजीनामा दिला की कागदावर तुम्ही स्वतःहून नोकरी सोडलेली असते. 'राजीनामा दिला नसता तर काढणारच होते' हे सिद्ध करता आलं तर राज्यं सहसा ते काढणंच मानतात, पण ते सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. तो ईमेल, ती चॅट कंपनीचा लॅपटॉप परत करण्याआधी लिहून ठेवा.

तिसरा प्रश्न, आज काम मिळालं तर उद्या करू शकता का? तब्येत ठीक आहे, कायद्याने परवानगी आहे, आणि काम शोधताय. हा प्रश्न एकदाच विचारून सोडत नाहीत.

सेव्हरन्स मिळाला, मग क्लेम करता येत नाही ना?

सेव्हरन्स म्हणजे काढताना कंपनी निरोपादाखल देते ती रक्कम. हा समज सगळ्यात जास्त पसरलेला आहे. उत्तर राज्यागणिक आणि त्या पैशाच्या स्वरूपागणिक बदलतं. कॅलिफोर्नियात सेव्हरन्समुळे सहसा रक्कम कापली जात नाही. टेक्सासमध्ये नोटिशीच्या बदल्यात दिलेला पगार असेल तर तेवढे आठवडे थांबावं लागतं. न्यू जर्सीत वर्षांच्या सेवेबद्दलचा सेव्हरन्स चालतो, पण कंपनीने पगारच चालू ठेवला असेल तर तेवढे आठवडे तुम्ही बेकार धरले जात नाही. न्यू जर्सीच्या लोकांनी हेही लक्षात ठेवावं, की एप्रिल २०२३ पासून तिथे मोठ्या प्रमाणावर माणसं काढणाऱ्या बड्या मालकांना ९० दिवस आधी नोटीस आणि सेवेच्या दर वर्षामागे एक आठवड्याचा पगार देणं कायद्याने बंधनकारक आहे. सेव्हरन्सच्या करारावर सही करताना 'मी बेरोजगारी विमा मागणार नाही' असं कलम दिसलं तर घाबरू नका. हा हक्क असा सहीने सोडता येत नाही, असा राज्यांचा सर्वसाधारण कायदा आहे.

थांबू मात्र नका. क्लेम सहसा अर्ज केलेल्या आठवड्यापासून सुरू होतो, नोकरी गेलेल्या तारखेपासून नाही. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत पहिला आठवडा तर बिनपैशाचाच जातो.

कंपनीने 'नाही' म्हटलं तर?

अर्ज केला की राज्य जुन्या मालकाला कळवतं आणि त्याची बाजू मागतं. बऱ्याच मोठ्या कंपन्या हे काम बाहेरच्या एजन्सीकडे देतात. त्यांचं कामच क्लेम तपासणं आणि जमेल तिथे हरकत घेणं. यात वैयक्तिक काही नसतं, वर सांगितलेला हप्ता वाढू नये एवढंच.

मग राज्याचा अधिकारी दोन्ही बाजू बघून निर्णय देतो. विरुद्ध गेला तर अपील. मुदत छोटी असते. कॅलिफोर्नियात आणि न्यूयॉर्कमध्ये ३० दिवस, टेक्सासमध्ये १४. सुनावणी आता बहुधा फोनवर होते, समोर प्रशासकीय न्यायाधीश, वकील लागतोच असं नाही. कंपनीकडून कोणी हजर राहिलं नाही किंवा ज्या मॅनेजरने काढलं तो सोडून एचआरमधला भलताच कोणी बोलायला आला, तर त्यांची बाजू लंगडी पडते, कारण डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाच्या साक्षीला वजन असतं. अपील चालू असताना दर आठवड्याची माहिती भरणं सोडू नका. जिंकलात तर तेवढ्याच आठवड्यांचे पैसे मिळतात ज्यांची माहिती भरलेली आहे.

आणि तुम्हाला मंजुरी मिळाल्यावर मालकाने अपील केलं तर? निकाल लागेपर्यंत पैसे थांबवायचे नाहीत. १९७१ साली कॅलिफोर्नियाच्या 'जावा' खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. (जावा हे त्या दाव्यातल्या बाईंचं आडनाव. प्रोग्रॅमरांनी उगाच खूश होऊ नये.)

दर आठवड्याची हजेरी

मंजुरी मिळाली म्हणजे पैसे आपोआप येत राहतात असं नाही. दर आठवड्याला, काही राज्यांत दोन आठवड्यांनी, ऑनलाइन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. याला 'सर्टिफाय करणं' म्हणतात. आजारी होता का? काम नाकारलं का? काही कमावलं का? कुठे अर्ज केले? न्यूयॉर्कमध्ये आठवड्याला नोकरी शोधण्याचे किमान तीन प्रयत्न दाखवावे लागतात. तारीख, कंपनी, पद अशी वही ठेवलेली बरी.

थोडंफार काम केलं तर सगळा क्लेम जात नाही, कमाईच्या प्रमाणात कापला जातो. कॅलिफोर्नियात आठवड्याच्या कमाईतला २५ डॉलर किंवा पाव हिस्सा, जो जास्त असेल तो, मोजतच नाहीत. पण कमाई सांगावी लागते. लपवली आणि सापडली, की घेतलेले पैसे परत आणि त्यावर किमान १५ टक्के दंड, हा केंद्राचाच नियम आहे. राज्यं याहून जास्तही लावतात.

आपल्याकडची एक खास अडचण. नोकरी गेली की पहिला विचार येतो, चला, महिनाभर घरी जाऊन येऊ, आई-बाबांनाही भेटणं होईल. जा, पण त्या आठवड्यांचे पैसे मागू नका. ठाण्याच्या घरी बसलेला माणूस उद्या सकाळी डॅलसमध्ये कामावर हजर होऊ शकत नाही, म्हणून तो 'उपलब्ध' नाही. परदेशातून लॉगिन केलं की यंत्रणेला ते दिसतं आणि चौकशी लागते. खरं सांगून ते आठवडे वगळा, परत आल्यावर क्लेम पुन्हा सुरू करता येतो.

एच-१बीवाल्यांचं काय?

हा भाग सावकाश वाचा, कारण इथे दोन वेगवेगळी घड्याळं चालतात.

पहिलं घड्याळ व्हिसाचं. जानेवारी २०१७ पासूनच्या नियमानुसार नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस, किंवा मुक्कामाची मुदत त्याआधी संपत असेल तर तोपर्यंत, देशात राहता येतं. त्या काळात नव्या मालकाने अर्ज भरायला हवा, नाहीतर व्हिसाचा दर्जा बदला किंवा निघा. हे ६० दिवस साधारणपणे पगार मिळालेल्या शेवटच्या दिवसापासून मोजतात. सेव्हरन्स सहा महिन्यांचा मिळाला म्हणून साठाचे एकशेऐंशी होत नाहीत.

दुसरं घड्याळ विम्याचं. एच-१बी माणसाच्या पगारावरही कंपनीने तोच कर भरलेला असतो. त्यामुळे कमाईच्या प्रश्नात तो उत्तीर्ण होतो. अडतो तो 'उपलब्ध आहात का' या प्रश्नावर. त्याची काम करण्याची परवानगी त्या एका मालकाला बांधलेली होती. मालक गेला, मग उद्या कुठल्याही दुकानात तो कामाला लागू शकतो का? नाही. त्यामुळे बहुतेक राज्यं एच-१बीवाल्याला अपात्र ठरवतात. नव्या मालकाने अर्ज दाखल करताच काम सुरू करता येतं, तेव्हा तो उपलब्धच आहे, असा युक्तिवाद करता येतो आणि वकील तो करतातही. पण त्याच्या भरवशावर घरभाड्याचा हिशेब मांडू नये. मला विचाराल तर ज्याच्या नावाने वर्षानुवर्षं हप्ता घेतला, त्याला क्लेमच्या वेळी दारात उभं करणं हा उघड अन्याय आहे. तो राज्याने मुद्दाम केला असं मात्र नाही. विम्याचा कायदा आणि व्हिसाचा कायदा वेगवेगळ्या काळात, एकमेकांकडे न बघता लिहिले गेले, आणि त्यांच्यामधल्या फटीत हा माणूस सापडला.

ग्रीन कार्ड असेल तर नागरिकासारखेच नियम. ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज प्रलंबित आहे आणि हातात खुलं वर्क परमिट आहे, किंवा जोडीदाराच्या जोरावर मिळालेलं एच-४चं वर्क परमिट आहे, तर ते कुठल्याही मालकाकडे चालतं, त्यामुळे सहसा पात्र. पण दोघांचे दर्जे एकमेकांत अडकलेले असतात हे विसरू नका. एच-१बी असलेल्याची नोकरी गेली तर एच-४चं घड्याळही टिकटिक करू लागतं. शिक्षणानंतर ओपीटीवर (विद्यार्थी व्हिसावरच काही काळ काम करायची परवानगी) काम करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पगारावर पहिली पाच वर्षं बहुधा हा कर लागतच नाही, म्हणून त्यांचा क्लेमही बसत नाही. स्वतःच्या कंपनीतून 'कॉर्प टू कॉर्प' किंवा १०९९ वर, म्हणजे कर्मचारी नव्हे तर कंत्राटदार म्हणून काम करणारेही याच्या बाहेर.

"पण सरकारी मदत घेतली तर ग्रीन कार्डाला अडथळा येईल ना?" या भीतीने पात्र माणसंही अर्ज करत नाहीत. ज्या मदतीमुळे माणूस सरकारवर ओझं होईल असं ठरतं, त्या यादीत बेरोजगारी विमा १९९९ च्या मार्गदर्शनात नव्हता आणि २०२२ च्या नियमातही नाही, कारण तो कमावलेला हक्क धरला जातो. हे नियम बदलायच्या हालचाली मात्र सतत चालू असतात. तुमचं प्रकरण ऐन मध्यावर असेल तर आधी वकिलाशी बोला. आणि फॉर्मवरच्या व्हिसाच्या प्रश्नांना खरी उत्तरं द्या. राज्य ती माहिती केंद्राच्या यंत्रणेतून पडताळून घेतं.

असे फुकट पैसे दिले तर कोण कामावर जाईल?

हा आक्षेप अमेरिकेतही तितकाच जुना आहे. फ्लोरिडातल्या आठवड्याला २७५ डॉलरवर कोणी आळशी होत असेल तर त्याला नमस्कार. तरी या प्रश्नाची एक मोठी चाचणी होऊन गेली आहे. करोनाच्या काळात केंद्राने राज्याच्या रकमेवर आठवड्याला आधी ६०० आणि नंतर ३०० डॉलर जादा दिले. २०२१ च्या उन्हाळ्यात सुमारे २५ राज्यांनी ही जादा मदत मुदतीआधीच बंद केली, लोक कामावर परततील म्हणून. थोडे परतले. पैसे गेलेल्यांपैकी बहुतेकांना त्यानंतरच्या आठवड्यांत लगेच नोकरी मिळाली नाही.

उलट बाजू क्वचित सांगितली जाते. अमेरिकेत एकूण बेकारांपैकी जेमतेम एक तृतीयांश लोकांनाही हा विमा मिळत नाही. काहींनी स्वतः नोकरी सोडलेली, काही नुकतेच शिकून बाहेर पडलेले, काहींची मुदत संपलेली, आणि बरेच जण अर्जच न करणारे.

आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाची २०१८ ची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. सरासरी कमाईच्या निम्मी रक्कम, आयुष्यभरात मिळून जास्तीत जास्त ९० दिवस, आणि या विम्याच्या कक्षेत येणाऱ्यांनाच, म्हणजे साधारण महिना २१,००० रुपयांपर्यंतच्या पगाराला. हिंजवडीतल्या इंजिनिअरला त्यातून काही नाही. महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने वाटच निराळी घेतली. तिथे हक्क कामाचा, आणि ठरल्या मुदतीत काम देता आलं नाही तरच भत्ता.

वेबसाइट अशी का वागते?

क्लेम भरणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न दातओठ खाऊन विचारलेला असतो. मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात देशभरात ६० लाखांहून जास्त नवे अर्ज आले. त्याआधीचा विक्रम १९८२ चा होता, सात लाखांच्या आत. राज्यांच्या संगणक यंत्रणा काही ठिकाणी चाळीस वर्षं जुन्या होत्या. न्यू जर्सीचे तेव्हाचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी तर कोबोल ही जुनी संगणक भाषा येणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर हाक दिली. ज्या भाषेवर मुंबई-पुण्याच्या एका पिढीने वायटूकेच्या, म्हणजे सन २००० च्या संगणक-गोंधळाच्या काळात विमानाची तिकिटं मिळवली, तीच ही भाषा.

त्या गर्दीत चोरांनीही हात धुऊन घेतले. लोकांची नावं आणि सोशल सिक्युरिटी नंबर वापरून खोटे क्लेम भरले गेले. केंद्राच्या लेखापरीक्षण संस्थेच्या अंदाजाप्रमाणे करोनाच्या काळात १०० ते १३५ अब्ज डॉलर असे गेले. आता ओळख पटवण्यासाठी जे सेल्फी आणि पासपोर्टचे फोटो मागतात, ते त्यामुळे. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे आणि पगारावर नाही, एवढ्या फरकानेही खरा माणूस आठवडेच्या आठवडे अडकतो. पगाराची चिठ्ठी, पासपोर्ट आणि सोशल सिक्युरिटी कार्डावरचं नाव अक्षरशः एक आहे का, हे नोकरी चालू असतानाच बघून ठेवा.

आणि हो, यावर कर आहे

१९८७ पासून या पूर्ण रकमेवर केंद्राचा इन्कम टॅक्स लागतो. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया आपला राज्य कर लावत नाहीत, न्यूयॉर्क लावतं. अर्ज करतानाच १० टक्के कापून घ्या असं सांगता येतं. बहुतेक जण त्या वेळी एकेक डॉलर मोजत असतात म्हणून सांगत नाहीत, आणि पुढच्या एप्रिलमध्ये, बहुधा नवी नोकरी लागल्यावर, दीड-दोन हजारांचं देणं पुढ्यात येतं. जानेवारी संपता संपता राज्याकडून १०९९-जी नावाचा कागद येतो, त्यावर वर्षभरात मिळालेली रक्कम असते. तुम्ही कधीच क्लेम केला नसताना असा कागद आला, तर तुमच्या नावाने दुसऱ्या कोणीतरी केला आहे. तो फाडून टाकू नका, राज्याच्या वेबसाइटवरच्या फसवणुकीच्या तक्रारीच्या पानावर त्याच आठवड्यात कळवा आणि दुरुस्त केलेला कागद मागा. न मिळालेल्या पैशाचा कर भरायची गरज नाही.